शेळ्या, पाणबुडे आणि हाल्डेन

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की लार्गो नावाचे बेट आहे. २००२ मध्ये तिथल्या समुद्रात ‘स्पीगल ग्रोव्ह’ ही अमेरिकी नौदलाची जुनी, दीडशे मीटरहून लांब नौका मुद्दाम बुडवण्यात आली. हेतू कृत्रिम प्रवाळभिंत तयार करण्याचा होता. बुडताना नौका कलंडली आणि कुशीवर पडून राहिली. २००५ मधल्या एका चक्रीवादळाने तिला उचलून सरळ उभे केले, माणसांना जे जमले नव्हते ते वादळाने फुकटात करून दिले! आज तिच्या पोलादावर स्पंज आणि प्रवाळ वाढले आहेत, माशांचे थवे फिरतात आणि जगभरचे स्कूबा डायव्हर तिथे उतरतात. वर येताना मात्र हे डायव्हर सरळ वर येत नाहीत. पृष्ठभाग अगदी डोक्यावर दिसत असताना पाच मीटरवर ते दोर धरून तीन मिनिटे नुसते लटकून राहतात. मनगटावरचे यंत्र सुटका करेपर्यंत कोणी हलत नाही.

असे थांबायला जगाला शिकवले ते जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने. भारतात येऊन स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांचे हे वडील. आपल्याकडे मुलाचे नाव अधिक ठाऊक आहे. पण रुग्णालयात प्राणवायूचा मास्क लागतो तेव्हा, किंवा खाणीत विषारी वायूची तपासणी होते तेव्हा, आपण वडिलांच्या कामाचा उपयोग करत असतो.

आधी दुखणे काय ते समजून घेऊ. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर एकूण दाब चार वातावरणांचा होतो आणि डायव्हर तेवढ्याच दाबाची हवा श्वासात घेतो. हवेतला प्राणवायू शरीर वापरून टाकते, पण चार-पंचमांश असलेल्या नायट्रोजनचे काही होत नाही. तो रक्तात आणि ऊतींत विरघळत राहतो. माणूस झटकन वर आला, की गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर बाटलीत जे होते तेच शरीरात होते. बुडबुडे येतात. ते सांध्यांत असह्य दुखतात, मज्जारज्जूत अडकले तर पाय लुळे पडतात, फुप्फुसांत आणि मेंदूत गेले तर जीव जातो.

एकोणिसाव्या शतकात याचे बळी प्रामुख्याने पुलांच्या पायांवर काम करणारे मजूर होते. नदीच्या तळाशी मोठी पेटी टेकवायची, आत दाबाखाली हवा भरून पाणी बाहेर ढकलायचे आणि माणसांनी कोरड्यात खोदकाम करायचे, अशी ती पद्धत. सेंट लुईस इथल्या ईड्स पुलाच्या कामात १८७० च्या सुमारास डझनाहून अधिक कामगार दगावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने खाटेला खिळला. दुखण्याने वाकून चालणाऱ्या मजुरांवरून ‘बेंड्स’ हे नाव पडले. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने नायट्रोजनचे बुडबुडे हे कारण दाखवून दिले आणि दाब हळूहळू कमी करा असे सांगितले. पण हळूहळू म्हणजे किती? त्याचे उत्तर कोणाकडे नव्हते आणि पाणबुडे मरत राहिले.

हाल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये एडिंबरात एका सुखवस्तू, बुद्धिमान घराण्यात झाला. भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचा युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाला. जॉन वैद्यक शिकले, १८८४ मध्ये पदवीधर झाले. पण दवाखाना थाटण्याऐवजी ते डंडी शहरात हवा तपासायला गेले. गरिबांच्या एकाच खोलीच्या घरांत मध्यरात्रीनंतर शिरून, झोपलेल्या माणसांच्या भोवतीच्या हवेचे नमुने त्यांनी बाटल्यांत भरले. शाळांतली हवा घेतली, गटारांत उतरून तिथलीही घेतली. गटारातल्या हवेत जंतू कमी आणि कोंदट घरांत जास्त, असे त्यात निघाले. त्या काळी सगळे रोग गटाराच्या दुर्गंधीतून येतात असे मानणाऱ्यांना हे फारसे रुचणारे नव्हते.

काकांप्रमाणे नव्हे, तर काकांसारखेच जवळचे असलेले मामा जॉन बर्डन सँडरसन ऑक्सफर्डला शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८७ मध्ये हाल्डेन तिथे गेले आणि आयुष्यभराचा मुक्काम तिथेच झाला. पण त्यांचे खरे काम विद्यापीठाच्या भिंतींबाहेर चालले. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की तार येई आणि हे गृहस्थ गाडी पकडून निघत. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे मेली. हाल्डेन यांनी मृतदेह तपासले आणि बहुतेक माणसे स्फोटाच्या धक्क्याने वा आगीने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेल्याचे सांगितले. रक्ताचा गुलाबी-लाल रंग ती साक्ष देत होता. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस हवेत असूनही आतून गुदमरतो.

हे त्यांना इतके नेमके ठाऊक होते, कारण त्यांनी तो वायू स्वतः हुंगला होता. प्रयोगशाळेत बसून, एका हाताने नोंदी करत, अधूनमधून स्वतःचे रक्त काढून तपासत, निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन विषाने व्यापेपर्यंत ते श्वास घेत राहिले. शेवटी धड चालता येईना. सोबत एका पेटीत उंदीर असे. लहान प्राण्याचा श्वास आणि रक्ताभिसरण जलद असल्याने त्याला विष आधी बाधते, माणसाला पळायला वेळ मिळतो. यातूनच त्यांनी खाणकामगारांना उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत नेण्याचा सल्ला दिला. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी १९८६ पर्यंत नोकरीवर होते.

नौदलाला हाल्डेन यांची गरज पडली ती १९०५ मध्ये. खोल पाण्यात पाणबुडे नीट काम करू शकत नव्हते. थोडी हालचाल केली की धाप लागे, डोके गरगरे, कधी शुद्ध हरपे. लोक दाबाला दोष देत होते. हाल्डेन यांनी पाणबुड्याच्या धातूच्या शिरस्त्राणातली हवा तपासली आणि दोषी वेगळाच निघाला. माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड शिरस्त्राणात साचत होता. वरून हाताच्या पंपाने हवा पाठवत, पण दहा मीटरवर ती हवा दबून निम्म्या आकाराची होते, तीस मीटरवर पावपट. म्हणजे खोली वाढेल त्या प्रमाणात जास्त हवा पाठवायला हवी. अधिक पंप, अधिक माणसे जोडली आणि धाप थांबली. त्याच सुमारास प्रिस्टली या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवून दिले होते, की आपला श्वास सहसा प्राणवायूच्या कमतरतेने नव्हे, तर रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाने चालतो. खाण, शिरस्त्राण आणि झोपडीतली खोली हे सगळे त्यांच्या लेखी एकाच प्रश्नाचे धागे होते.

मग आला बेंड्सचा प्रश्न. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एक मोठा पोलादी दाबकक्ष होता. तिथे एडविन बॉयकॉट हे डॉक्टर आणि गायबन डॅमंट हे नौदलातले अधिकारी यांच्याबरोबर हाल्डेन यांनी प्रयोग सुरू केले. प्राणी निवडला शेळी. उंदीर-ससे फार लहान, त्यांच्यातून नायट्रोजन चटकन निघून जातो. शेळी आकाराने माणसाच्या त्यातल्या त्यात जवळची. शिवाय तिचे दुखणे कळते. सांध्यात कळ आली की ती पुढचा पाय वर धरून उभी राहते. एकूण ८५ शेळ्या या कामी आल्या. काही दुखण्यातून बऱ्या झाल्या, काही लुळ्या पडल्या, काही मेल्या. आज असा प्रयोग कोणत्याही नैतिक समितीपुढे सहज मंजूर होणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या शेळ्यांचे ऋण पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकावर आहे, हेही तितकेच खरे.

नोंदी चाळताना हाल्डेन यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. सुमारे ४२ फुटांपर्यंत कितीही वेळ राहून थेट वर आले तरी कोणाला बेंड्स होत नाही. तिथला दाब पृष्ठभागाच्या दुपटीहून थोडा अधिक असतो. मग त्यांनी तर्क केला, की महत्त्व दाबातल्या फरकाला नाही, गुणोत्तराला आहे. दोनावरून एकावर येणे निर्धोक असेल, तर चारावरून दोनावर आणि सहावरून तीनावर येणेही निर्धोक असायला हवे. म्हणजे तीस मीटरवरून (चार वातावरणे) थेट दहा मीटरपर्यंत (दोन वातावरणे) झपाट्याने यावे, आणि तिथून पुढे मात्र दर दहा फुटांना थांबत थांबत, नायट्रोजनला बाहेर पडायला वेळ देत यावे.

तोवरचा रिवाज नेमका उलटा पडत होता. पाणबुडे तळापासून एकाच संथ गतीने वर येत. पण खोलवर रेंगाळले की शरीर आणखी नायट्रोजन शोषते, आणि अखेरचे दहा मीटर, जिथे दाब निम्मा होतो आणि खरा धोका असतो, तेच त्या मानाने भरभर पार होतात. शेळ्यांच्या दोन गटांना सारख्याच दाबात सारखाच वेळ ठेवून एका गटाला जुन्या रीतीने आणि दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने बाहेर काढले, तेव्हा टप्प्यांची रीत स्पष्टपणे सरस ठरली.

दुसरी अडचण अशी, की सगळे शरीर एकाच वेगाने भरत वा रिकामे होत नाही. रक्त भरपूर मिळणारे अवयव काही मिनिटांत भरतात, चरबीला तास लागतात. हाल्डेन यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले आणि प्रत्येक कप्पा निम्मा भरायला ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे लागतात असे धरून गणित मांडले. हे कप्पे शवविच्छेदनात सापडणारे नाहीत, ही हिशेबाची सोय आहे. चरबीत नायट्रोजन रक्ताच्या पाचपट-सहापट विरघळतो, म्हणून लठ्ठ माणसांना अशा कामावर पाठवू नये, असाही इशारा त्यांनी दिला.

कागदावरचे गणित माणसावर तपासायचे होते. १९०६ च्या उन्हाळ्यात ‘स्पँकर’ ही नौका घेऊन मंडळी स्कॉटलंडच्या लॉक स्ट्रिव्हन या समुद्राच्या खोल फाट्यावर गेली. डॅमंट आणि अँड्र्यू कॅटो हे दोघे आधी कक्षात आणि मग प्रत्यक्ष पाण्यात उतरले. ते २१० फुटांपर्यंत गेले आणि ठरल्याप्रमाणे थांबत थांबत वर आले. दोघेही धडधाकट. तो त्या वेळचा विक्रम होता.

हाल्डेन कुटुंब सोबत होते. मुलगा जॅक, म्हणजेच पुढचे जे. बी. एस., तेव्हा तेरा वर्षांचा. वडिलांनी त्यालाही पोशाख चढवून पाण्यात सोडले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा, मनगटाशी सैल. पाणी आत शिरत राहिले. पोरगा गारठून पण जिवंत वर आला. याआधी एकदा वडिलांनी त्याला खाणीत नेऊन छताशी मिथेन साठलेल्या जागी उभे केले आणि शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधले अँटनीचे भाषण म्हणायला लावले होते. थोड्याच वेळात पाय लटपटून तो खाली पडला, आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत सावरला. मिथेन हलका असतो आणि तो वर साठतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला. शिकवण्याची ही तऱ्हा आजच्या पालकांनी उचलू नये. पण हाल्डेन जे दुसऱ्यांना करायला सांगत ते आधी स्वतः करत आणि घरच्यांना त्यातून वगळत नसत, हे खरे.

१९०८ मध्ये बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला, त्यासोबत कोणत्या खोलीवर किती वेळ राहिल्यास कुठे किती मिनिटे थांबायचे याचे तक्ते आले. ब्रिटिश नौदलाने ते लगेच स्वीकारले. त्यांची खरी परीक्षा पुढच्या दशकात झाली, तीही एका बुडालेल्या जहाजावर. जानेवारी १९१७ मध्ये ‘लॉरेंटिक’ हे जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ जर्मन सुरुंगांवर आदळून बुडाले. साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. पोटात ३,२११ सोन्याच्या विटा होत्या, अमेरिकेतून युद्धसाहित्य घेण्यासाठी निघालेल्या. जहाज सुमारे ४० मीटरवर होते आणि वादळी लाटांनी चुरगळत चालले होते. सोने काढायचे काम सोपवले गेले डॅमंट यांच्याकडेच. १९२४ पर्यंत त्यांच्या पाणबुड्यांनी हजारो वेळा बुड्या मारून ३,१८६ विटा वर आणल्या, आणि या कामात एकही पाणबुडा दगावला नाही. वीस वर्षांपूर्वी हे कोणी खरे मानले नसते.

हाल्डेन मात्र तोवर दुसरीकडे गुंतले होते. १९११ मध्ये ते अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर सहकाऱ्यांसह पाच आठवडे राहिले आणि विरळ हवेशी शरीर कसे जुळवून घेते ते त्यांनी मोजले. इथे त्यांचा एक हट्टही सांगायला हवा. फुप्फुसे गरज पडल्यास प्राणवायू स्वतःहून रक्तात ढकलतात, असे त्यांचे मत होते. डेन्मार्कच्या ऑगस्ट आणि मारी क्रोग या दांपत्याने ते काळजीपूर्वक प्रयोगांनी खोडून काढले, तरी हाल्डेन यांनी ते अखेरपर्यंत सोडले नाही. जिवंत शरीर हे निव्वळ यंत्र नव्हे, या त्यांच्या तत्त्वज्ञानाला ते मत फार सोयीचे होते.

एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्रच्या आघाडीवर विषारी वायू सोडला. काही दिवसांतच हाल्डेन फ्रान्सला पोहोचले, मरणाऱ्या सैनिकांना पाहिले आणि वायू क्लोरिन असल्याचे निश्चित केले. मग सहकाऱ्यांसह ते स्वतः क्लोरिन सोडलेल्या कक्षात बसू लागले, मुखवटे पारखायला. आघाडीवर लढणाऱ्या जॅकलाही त्यासाठी बोलावून घेतले. विचित्र योग असा, की त्याच दिवसांत थोरला भाऊ रिचर्ड जर्मनधार्जिणा ठरवला गेला आणि मंत्रिमंडळातून गेला. वायूने फुप्फुसे पोळलेल्या जवानांना प्राणवायू द्यायची तेव्हाची रीत म्हणजे तोंडासमोर नरसाळे धरणे. बहुतेक वायू खोलीतच जाई. हाल्डेन यांनी १९१७ मध्ये मास्क आणि प्रवाह मोजून सोडणारी झडप असलेले उपकरण मांडले. सतत आणि मोजून प्राणवायू देणे हा उपचार तिथून रुळला.

बेंड्स झालेल्या डायव्हरला आजही पहिली मदत म्हणून शुद्ध प्राणवायूच देतात आणि मग दाबकक्षात नेतात. हाल्डेन यांचे तक्ते मात्र जसेच्या तसे टिकले नाहीत. फार खोल किंवा फार वेळच्या बुड्यांना ते अपुरे पडले, छोट्या बुड्यांना गरजेपेक्षा कडक ठरले. दोनास एक हे प्रमाण सगळ्या कप्प्यांना सारखे लागू नाही, हे पुढे कळले. अल्ट्रासाउंड आल्यावर असेही दिसले, की काहीही दुखत नसलेल्या डायव्हरच्या रक्तातही बारीक बुडबुडे फिरत असतात. पण चौकट तीच राहिली. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये बहुधा ब्यूलमान या स्विस डॉक्टरांची पद्धत असते. तिच्यात पाचाऐवजी सोळा कप्पे आहेत, इतकाच मोठा फरक.

बुडालेल्या जहाजांवर हा हिशेब अधिक महत्त्वाचा असतो. कृत्रिम प्रवाळभिंतीसाठी मोठी नौका बुडवायची तर वरून जाणाऱ्या जहाजांना वाट मोकळी राहावी म्हणून ती खोलवर टेकवावी लागते. ‘स्पीगल ग्रोव्ह’चा तळ सुमारे ४० मीटरवर आहे. प्रचलित तक्त्यांनुसार १८ मीटरवर थांबा न घेता ५६ मिनिटे राहता येते, ३० मीटरवर २० आणि ४० मीटरवर अवघी ९. जहाजाच्या पोटात वाट चुकायला, गाळ ढवळून काही दिसेनासे व्हायला एवढी मिनिटे पुरेशी असतात. दक्षिण पॅसिफिकमधल्या वानुआटूच्या किनाऱ्याला १९४२ मध्ये आपल्याच सुरुंगांवर आदळून बुडालेले ‘प्रेसिडेंट कूलिज’ तर उतारावर आडवे पडले आहे, एक टोक वीसेक मीटरवर आणि दुसरे सत्तरच्या आसपास. तिथले डायव्हर उताराने वर येत, प्रवाळ पाहत आपले थांबे पुरे करतात.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीला हौसेने उतरणारे पर्यटक सहसा इतके खोल जात नाहीत, त्यामुळे बेंड्सची भीती थोडी. त्यांना खरा धोका वेगळा आहे. श्वास रोखून वर आले तर दहा मीटरवर भरलेल्या फुप्फुसातली हवा पृष्ठभागाशी दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही धरायचा नाही. सर्दी असेल तर उतरू नये, कानाचा दाब जुळत नाही. आणि बुडी मारून लगेच विमान पकडू नये. विमानातल्या केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, उरलेल्या नायट्रोजनला बुडबुडे व्हायला तेवढे निमित्त पुरते. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि सलग काही दिवस बुड्या मारल्या असतील तर १८ तास थांबावे, असा संकेत आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ बुडवून कृत्रिम प्रवाळभिंत करण्याची योजना जाहीर झाली आहे. तेव्हा ही पथ्ये आपल्याही किनाऱ्यावर अधिक लोकांना लागतील.

हाल्डेन पंचाहत्तरीतही शांत बसले नाहीत. इराणच्या तेल उद्योगातल्या कामगारांना उष्माघात का होतो ते पाहायला ते तिकडे गेले. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी ‘थेटिस’ ही पाणबुडी चाचणीत बुडून ९९ माणसे गुदमरली, तेव्हा चौकशीसाठी दाबकक्षात शिरला तो जॅक. त्या आणि नंतरच्या प्रयोगांत दाबाखालच्या प्राणवायूने झटके येऊन त्याच्या पाठीचे मणके चेपले. ते दुखणे घेऊन तो १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. देह त्याने आधीच काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन ठेवला होता.